हिरामणची चाल

चोवीस वाफे, दोन मीटर बाय पाच,
शिवाजीनगरात, कॉलेजच्या मागे,
जिथून मेट्रो जमिनीतून वर येताना दिसते.
खुंट्यांवर रंग: पांढरा म्हणजे शून्य,
पिवळा अर्धी मात्रा, निळा पूर्ण,
लाल दुप्पट.
गवताला रंग कळत नाहीत. मलाही सुरुवातीला
वही उघडल्याशिवाय कळत नसत.

पाठीवर सोळा लिटरचा पंप घेऊन हिरामण कुदळे
आधी नुसतं पाणी मारून दाखवतो.
पाच मीटर, सहा सेकंद.
मी घड्याळ धरते.
पुन्हा सहा.
पुन्हा सहा.
नोझल तेच, दाब तोच,
म्हणजे मात्रा ठरते ती त्याच्या पायांत.
याला कुठल्याच तक्त्यात रकाना नाही.

सातव्या दिवशी मी गुडघ्यांवर, लोखंडी चौकट घेऊन.
आंबुशी गेली. तिचं जाणं नेहमीच सरळ.
नायटी अर्ध्या मात्रेलाच शेंडा पिळवटून
मागे कुणी हाक मारल्यासारखी.
एकदांडीची दांडी वाकली, तरी टोकाला फूल होतं,
त्यावर एक बारकी माशी. ती मोजली नाही.
घोळ फुगली, पिचकली, आडवी पडली
आणि पेरापेरातून पुन्हा मुळं सोडायच्या बेतात.

आणि लव्हाळा.
पिवळ्या खुंटीपाशी तो आजारीसुद्धा पडत नाही.
निळीपाशी पिवळा पडतो, मला वाटतं, झालं.
लालपाशी तिसऱ्या दिवशी करपून कोळ,
इतक्या घाईनं जळतो की औषध
खालच्या गाठीपर्यंत उतरतच नाही.
अठ्ठाविसाव्या दिवशी खुरप्यानं उकरलं:
काळी गाठ, अत्तरासारखा वास,
टोकाला तांदळाच्या कणीएवढा पांढरा कोंब.
भोंडवे सर म्हणाले, याच्यावर आपली मात्रा चालत नाही.
मग चष्मा पुसून म्हणाले, हे असं लिहू नका.

औषध म्हणतो आम्ही त्याला. आणि मारतो म्हणतो.
दोन्ही एकाच वाक्यात, वर्षानुवर्षं,
कुणी अडखळत नाही.

भाद्रपदाच्या तोंडावर कुंपणाशी एक बाई आली,
हरळीवर डोळा ठेवून.
आमच्या वहीत ती तण क्रमांक चार,
तिच्या टोपलीत एकवीस-एकवीसची जुडी.
यातलं न मारलेलं कुठलं, तिनं विचारलं.
मी पांढऱ्या खुंट्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.
कँटीनमागचा उतार दाखवला,
तिथलं कुणी कधीच काही मोजलेलं नाही.

मग आकडे मांडताना दिसलं,
पश्चिमेच्या ओळीत सगळंच जरा जास्त मेलं होतं.
सरांनी माती तपासली. उतार तपासला.
माझी चौकटसुद्धा मोजली.
मी हिरामणला सिमेंटच्या अंगणात
पुन्हा पाणी मारायला लावलं, सगळ्या फेऱ्या.
पहिली सहा.
सातवी सात.
विसावीला नऊ.
पश्चिमेच्या ओळीत अर्ध्याची पाऊण झाली होती,
पूर्णाची दीड.

उजवा गुडघा, तो म्हणाला. पंप पाठीवर असला की.
चैत्रापासून.
सांगायचं नाही का?
तुम्ही गवताचं विचारत होता.

अहवालात तळटीप गेली: फवारणीचा वेग एकसारखा नव्हता.
पंप यापुढे अर्धाच भरायचा, असंही ठरलं,
ते मात्र कुठे लिहिलं नाही.

संध्याकाळी तो पाय लांब करून बसला होता
पांढऱ्या खुंटीपाशी,
हाताला लागेल ते सवयीनं उपटत.
मी म्हटलं, हिरामण, तो वाफा शून्याचा आहे.
त्यानं मुठीतलं गवत पाहिलं,
आणि एकेक काडी
होती तिथे परत खोचून ठेवली.